चौथं पाऊल

दाराबाहेरच्या चपला पाहिल्या की आत कोण कोणावर रुसलंय ते कळतं, असं भावजय नेहमी म्हणायची. त्या रविवारी सकाळी कारखान्याचा जिना धापा टाकत चढून ती वर आली, आपल्या चपला काढल्या आणि वाकून बघतच राहिली.

"अगंबाई! ताई, तुमची एकच चप्पल कशी हो झिजते? डावी कोरी करकरीत, आणि उजवीच्या टाचेतून उद्या जमीन दिसेल."

"वय झालं," थोरली म्हणाली. "कुठूनतरी झिजायचंच."

तिचं लक्ष आपल्या चपलेकडे नव्हतंच. शेजारी धाकटीचे बूट होते. पाच महिन्यांपूर्वीचे, शस्त्रक्रियेनंतर घेतलेले. दोन्ही तळवे सारखे झिजलेले. सव्वीस वर्षं धाकटीच्या डाव्या बुटाचं नाक घासून पांढरं पडलेलं पाहायची सवय झालेल्या थोरलीला ती जोडी पाहिली की दर वेळी मनातल्या मनात हात जोडावेसे वाटत. आजही वाटले. पण आज त्या बुटांपासून लेकीच्या चपला चांगल्या हातभर लांब काढलेल्या होत्या, आणि भावजयीनं तेही टिपलं होतं.

"मावशी-भाचीचं बिनसलंय वाटतं," ती कुजबुजली आणि आत शिरली.

दादाच्या सुतारकामाच्या कारखान्यावरचा हा लांब हॉल. दादा खरं तर थोरलीपेक्षा तीन वर्षांनी लहान, पण पाळण्यातूनच त्याच्या चेहऱ्यावर वडीलकी असल्यामुळे सगळेच त्याला दादा म्हणत. आज रविवार, म्हणून खाली करवती गप्प होत्या. सरसाचा आणि ताज्या भुशाचा वास मात्र फळ्यांच्या फटींतून वर येत होता. तीन खिडक्यांमधून ऊन आत येऊन लाकडी जमिनीवर तिरकं पडलं होतं. भिंतीशी एकही खुर्ची नव्हती. ती या हॉलची रीतच होती.

धाकटीचं कुठलंही नवीन काम आधी घरच्यांच्या पायाखालून जायचं. स्पीकर जमिनीवर पालथे ठेवायचे, सगळ्यांनी अनवाणी उभं राहायचं आणि कुणी काही बोलायचं नाही. ऐकून झाल्यावर "छान आहे हं" म्हणायलाही बंदी. दादा फक्त सगळ्यांच्या पायांकडे बघत उभा राहायचा. ज्या कामाला एकाचाही अंगठा हलला नाही ते काम बाद. "डोकं खोटं बोलतं, टाळ्या तर सर्रास खोटं बोलतात," धाकटी सांगायची, "अंगठ्याला ती अक्कल नाही." सतरा कामं अशीच या फळ्यांवरून बाहेर गेली होती, पुढे समुद्रापलीकडच्या रंगमंचांवरही पोचली होती, आणि जाणकारांनी त्यांच्यावर लांबलचक लेख लिहिले होते. आजचं काम अठरावं. आणि हे थोरलीच्या लेकीसाठी.

लेक अठ्ठावीस वर्षांची, अकरा नर्तकांना आपल्या तालावर धावायला लावणारी, पण घरात अजून छकुलीच. स्वतः बसवलेलं तिचं हे पहिलंच मोठं नृत्य. एकवीस दिवसांनी पडदा उघडायचा होता.

"लावू?" धाकटीनं विचारलं. तिनं केस घट्ट वर बांधले होते. नाचायच्या दिवसांत बांधायची तसेच.

"लाव, भिंगरे," दादा म्हणाला आणि मान खाली घातली.

स्वर पायांतून वर आला. आधी एकटं व्हायोलिन, मग लाकडावर पडणारी पावलं, त्यांच्या मागून ढोलाची दबकी चाल. सगळं स्वच्छ होतं, नेटकं होतं. थोरलीला संगीतातलं कळत नसे. ती नृत्यसंस्थेत पोशाख शिवणारी बाई. पण धाकटीचं काम तिला नेहमी पोटात कळायचं, उतरताना एक पायरी चुकावी तसं. आज पायऱ्या सगळ्या जागच्या जागी होत्या. ती वाट बघत राहिली. पाच मिनिटं झाली, आठ झाली. समोर लेकीचे लांबसडक पाय फळीवर जड पडले होते. भावजयीचे गुबगुबीत अंगठे झोपल्यासारखे. धाकटी खिडकीबाहेर बघत होती, पण तिची मान ताठ झाली होती.

थोरलीला राहवलं नाही. तिनं आपला उजवा अंगठा हळूच उचलला. एकदा. पुन्हा एकदा.

संगीत थांबलं. खालच्या गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ताई," दादा मान वर न करता म्हणाला, "तो अंगठा तू हलवलास. आपणहून हलला नाही."

"नाही रे, खरंच..."

"असू दे, ताई," धाकटी म्हणाली. "चोरी पकडली गेली. बोला आता. आज बंदी उठवली. छकुली, तूच बोल आधी."

लेकीनं आईकडे पाहिलं, मग मावशीकडे. "मावशी, वाईट नाहीये ते. पण माझी मुलं यावर उभीच राहू शकत नाहीत. घाई म्हणून परवा आधीच तालमीत तीनदा लावलं. सगळं बरोबर पडतं ना, म्हणून. तुझ्या कामात चौथं पाऊल उशिरा पडायचं. अंग झोकून दिलंय आणि जमीन अजून आलीच नाही, असं व्हायचं. त्या फटीत आम्ही नाचायचो. यात फटच नाही."

"फट आता बुजवलीय, बाळा. पोलादानं," धाकटीनं आपल्या गुडघ्यावर टिचकी मारली.

कुणी हसलं नाही. एरवी या विनोदावर भावजय तरी हसायची.

चौथ्या पावलाची ती गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती. सव्वीस वर्षांपूर्वी रंगमंचावर नाचताना पडल्यावर सात महिने धाकटी अंथरुणाला खिळली होती. नृत्यसंस्थेतल्या मैत्रिणी भेटायला यायच्या, नव्या नाचाची अडचण सांगायच्या, आणि ही पडल्या पडल्या पलंगाच्या लाकडावर बोटांच्या पेरांनी ठेका धरून दाखवायची. "हे काय वाजवलंस? पुन्हा वाजव," असं एकदा संस्थेच्या मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या, आणि नाचणारीची संगीतकार झाली. स्वरलिपी तिला लिहिता येत नसे. ती हॉलमध्ये खडूनं खुणा करायची, जमिनीवर माइक चिकटवायची आणि चालायची. ती पावलं हाच तिचा कागद. वादक मागाहून त्या पावलांवर सूर चढवत. पण गुडघा सलग चार पावलं घेऊ देत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलेलं, तीन पावलं टाका, थांबा, गुडघा सुटू द्या, मग चौथं. ते थांबणं माइकमध्ये गेलं, माइकमधून वाद्यांत, वाद्यांतून नाचणाऱ्यांच्या अंगात. जाणकारांनी त्याला 'रोखलेलं चौथं' असं नाव दिलं. तरुण पोरं त्याची नक्कल करू लागली. "लोक म्हणतात प्रतिभा," भावजय म्हणायची, "आमच्याकडे त्याला गुडघा म्हणतात."

आणि शस्त्रक्रिया करून घे, करून घे, म्हणून दोन वर्षं धाकटीच्या मागे लागली होती ती थोरलीच.

"मुद्दाम थांबून बघितलंस का?" दादानं विचारलं.

"बघितलं. मनात आकडे मोजून थांबले. बुटात खडा घालून चालले. रात्री ऐकलं तर लंगडण्याचं नाटक करणाऱ्या भिकाऱ्यासारखं वाटलं. पुसून टाकलं सगळं."

लेक पायाच्या बोटानं फळीतली एक गाठ टोकरत होती. "मावशी, तुला एक सांगायचं होतं. मी दुसऱ्या एकाशी बोलले आहे. बुधवारी येतोय तो. त्याचं काम तयार आहे."

"म्हणजे माझ्याआधीच ठरलं होतं?"

"ठरलं नव्हतं. पण एकवीस दिवस आहेत, मावशी! अकरा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत."

"बरोबर आहे तिचं," भावजय म्हणाली. "वन्सं, राग मानू नका. पोरीचं पहिलंच काम आहे."

"राग कसला? ती त्याच्याकडे गेली म्हणून मी मरत नाही," धाकटी म्हणाली. स्पीकरची वायर ती हाताभोवती गुंडाळू लागली होती. "पण सांगून ठेवते, दादा. हे शेवटचं. पुन्हा तुम्हाला अनवाणी उभं करणार नाही. हॉल तुझा तू घे. खाली तुला फळ्या ठेवायला जागा पुरत नाही म्हणत होतास ना?"

"मी कधी म्हटलं?" दादा दचकला.

"मी म्हटलं होतं," भावजय पुटपुटली, "पण असं नव्हतं म्हटलं."

सव्वीस वर्षं थोरलीनं एका गोष्टीवर तग धरला होता. घाव आपल्या हातचा होता, पण देवानं त्यातून गाणं काढलं. धाकटीच्या प्रत्येक कामाच्या वेळी अंधारात बसून ती हेच स्वतःला सांगायची. आणि आता बरं करायला गेली, तर तेही गेलं.

"एकदा तुझा नाच घेतला," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की दादाला पुढे वाकावं लागलं. "आता गाणंही मीच घेतलं."

"ताई, काय बोलतेस?"

"त्या दिवशी रंगमंचाला पॉलिश मी केलं होतं, भिंगरे."

सव्वीस वर्षं या घरात कुणी न उच्चारलेलं वाक्य ते. सुताराच्या घरची लेक. चकचकीत जमीन म्हणजे घराची अब्रू, असं ऐकत वाढलेली. संस्थेचा मोठा दिवस, बहिणीचा एकटीचा नाच, आणि रंगमंच बघावा तर राखाडी, ओरखडे पडलेला. पोशाखांना इस्त्री करून झाल्यावर तिनं गुडघ्यांवर बसून सबंध रंगमंच पुसला, मग पॉलिशचा हात दिला, आरसा होईपर्यंत घासला. नाचणाऱ्याच्या पायाखालच्या लाकडाला कधी तेलाचा थेंब लावायचा नसतो, हे तिला त्या संध्याकाळनंतर कळलं.

"डबा मी दिला होता," दादा म्हणाला. "चांगल्यातला दे म्हणालीस, म्हणून सगळ्यात भारी होता तो दिला. मला ठाऊक असायला हवं होतं. मी लाकडातला माणूस."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. नाट्यगृहानं जमीन बदलली तेव्हा त्याच जुन्या फळ्या हा उचलून घेऊन आला होता. महिनाभर काम संपल्यावर एकेक फळी स्वतःच्या हातानं रंधली, आणि इथे ठोकली. कारागीर मदत करू म्हणाले तर कुणाला हात लावू दिला नाही. का, ते तिनं त्याला कधी विचारलं नव्हतं. रोज सकाळी धाकटीची पिशवी घेऊन तिला घरापासून इथपर्यंत सोडायला का येतेस, हे त्यानंही तिला विचारलं नव्हतं. ऊन असो, ताप असो, लेकीची परीक्षा असो, थोरलीचा तो नेम सव्वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

धाकटीनं वायर खाली ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पॉलिश. पडद्यामागे उभी होते तेव्हाच वास आला. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला तो वास कळणार नाही होय? वाकून बोट लावून बघितलं. पडदा दोन मिनिटं थांबवा म्हटलं असतं तर थांबवला असता."

"मग?"

"मग काय? भिंगरी घसरत नाही, असा माज होता. आणि खरं सांगू? इतकं सुंदर चमकत होतं ते... वाटलं, यावर नाचायचं नाही तर कशावर?" ती किंचित हसली. "तू स्वतःहून सांगशील म्हणून मी थांबले. तू सांगेनास. मग मलाही सांगवेना. तू पिशवी घेऊन रोज दारात उभी राहायचीस ना, ते बंद होईल अशी भीती वाटायची."

"काय माणसं आहात हो तुम्ही!" भावजयीनं डोळ्याला पदर लावला. "सव्वीस वर्षं! आमच्या माहेरी असतं तर सव्वीस मिनिटांत भांडून, रडून, जेवून मोकळे झाले असते."

दादाला हसू फुटलं आणि त्यातच ठसका लागला. चांगलाच लागला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठसक्याचं की कशाचं ते त्याचं त्याला ठाऊक.

"थांब, पाणी आणते," थोरली म्हणाली.

माठ हॉलच्या पार टोकाला, शेवटच्या खिडकीखाली. ती निघाली. मनात नुसता कल्लोळ होता. माहीत होतं हिला. इतकी वर्षं रोज शेजारून चालत होती आणि माहीत होतं. पायांखाली ओळखीच्या फळ्या येत होत्या, जात होत्या. तिनं पेला भरला आणि परत फिरली.

अर्ध्या वाटेवर तिच्या ध्यानात आलं, की ठसका थांबलाय आणि कुणीच बोलत नाहीये. सगळे तिच्या पायांकडे बघत होते.

"काय झालं? काही लागलंय का पायाला?"

"मामा," लेक हळूच म्हणाली, "तुझा अंगठा."

दादानं आपल्या पायाकडे पाहिलं. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"ताई, परत जा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"अगं, पाणी तरी घेऊ दे त्याला."

"पाणी राहू दे. परत चाल. जशी आलीस तशी."

पण चाल म्हटल्यावर कुणाला चालता येतं? थोरली पेला सांभाळत चार पावलं गेली आणि लग्नात पहिल्यांदा साडी नेसलेल्या मुलीसारखी अवघडली. सगळी पावलं सरळ पडली, एकामागून एक.

"गेलं," लेक म्हणाली. "आत्ता होतं, आणि गेलं. आई, तू काय करत होतीस?"

"मी काही करत नव्हते गं. मी पाणी आणत होते."

धाकटी पुढे आली. पेला काढून दादाच्या हातात दिला, आणि रोज सकाळी घालायची तसा थोरलीच्या दंडात हात घातला. "चल. इथून आपलं घर. पिशवी तुझ्याकडे आहे. कोपऱ्यावरचा कुत्रा आज झोपलाय. चल."

त्या चालू लागल्या. एक, दोन, तीन, आणि धाकटीचा हात मागून ओढला गेला. ती आपल्या नव्या गुडघ्यावर पुढे निघून गेली होती. थोरली उजव्या पायावर थांबली होती. अगदी निमिषभर. मग डावा पाय आला.

"रोज रस्त्यात मला वाटायचं, गर्दीनं हात ओढला जातो. ताई, चौथ्याला तू का थांबतेस?"

थोरलीनं विचार केला. तिला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"तू यायचीस ना मागून," ती म्हणाली.

दाराजवळून भावजयीचा दबका आवाज आला, "तरीच म्हटलं, एकच चप्पल कशी झिजते."

धाकटीनं तोंड फिरवलं. मग गुडघ्यांवर बसली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच थोरलीनं तिला कशाचाही आधार न घेता बसताना पाहिलं. तिनं चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला आणि मधल्या फळीवर माइक चिकटवला.

"मला वाटायचं, माझं लंगडणं आहे ते," फळीशीच बोलावं तसं ती म्हणाली. "गुडघा गेला की गेलं, असं धरून चालले होते. त्यातलं अर्धं माझं नव्हतंच, ताईच्या थांबण्याचं होतं. छकुली, बुधवारी येणाऱ्याला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी हट्ट धरणार नाही. पण आज दुपारपर्यंत तुझी आई मला दे."

"दुपारपर्यंत?" भावजय म्हणाली. "आणि जेवण?"

"मामी, शू!" लेकीनं तिला गप्प केलं. तिनं फोन भिंतीशी पालथा ठेवला, आणि सांधे सैल करत मधोमध येऊन उभी राहिली. "मावशी, मी मागे राहीन. आईला माझ्याकडे बघू देऊ नकोस. बघितलं की ती अवघडते."

"ताई, खाली बघू नकोस, मागेही बघू नकोस," धाकटीनं तिचा दंड पुन्हा धरला. "आणि मी पुढे गेले तर ओढ मला. मला अजून थांबायची सवय नाही."

थोरलीनं डोळे मिटले. सरसाचा वास आला, भुशाचा आला, आणि त्याखाली कुठेतरी, दादानं कितीही रंधलं तरी न गेलेला, जुन्या पॉलिशचा. आज तिनं त्या वासापासून नाक फिरवलं नाही.

एक. दोन. तीन.

ती थांबली. शेजारी धाकटीही थांबली, किंचित डुगडुगत, नव्यानं शिकणाऱ्या मुलासारखी. आणि चौथं पाऊल टेकायच्या आधी, त्या फटीत, मागे कुणीतरी फळीवरून उडी घेतल्याचं थोरलीला ऐकू आलं, आणि ते पाय खाली कधी येतात याची वाट बघत ती तशीच उभी राहिली.